"पुढच्या अधिवेशनात मी कायदा आणतो" असं आमदार म्हणाले, तर ते एकट्याने करू शकतात का?

तुमचा प्रश्न असा आहे: बंदरावरच्या सभेत तुमच्या आमदारांनी सांगितलं की परराज्यातल्या ट्रॉलरांविरुद्ध पुढच्या अधिवेशनात मी कायदा आणतो. एकटा आमदार असं करू शकतो का, आणि विधानसभा असताना विधान परिषद कशाला हवी? मी मालवणात मच्छीमार सोसायटीची कागदपत्रं बघतो, विधेयकांच्या प्रती मागवून वाचतो. त्यामुळे जेवढं माहीत आहे तेवढं नीट सांगतो.

विधेयक मांडू शकतात. मंजूर करून घेणं मात्र त्यांच्या हातात नाही. मंत्री नसलेल्या सदस्याच्या विधेयकाला अशासकीय विधेयक म्हणतात आणि अशा कामासाठी अधिवेशनात शुक्रवारचा वेळ राखलेला असतो. बहुतेक वेळा चर्चा होते, मंत्री उत्तर देतात, सरकार यात लक्ष घालेल असं आश्वासन मिळतं आणि सदस्य विधेयक मागे घेतात. हिशेबच तसा आहे. विधानसभा २८८ जणांची, बहुमताला १४५ लागतात. सिंधुदुर्गातून तीन आमदार जातात, रत्नागिरीतून पाच, रायगडातून सात. हे सगळे पक्ष विसरून एकत्र आले तरी पंधराच होतात.

पण म्हणून अशासकीय विधेयक म्हणजे नुसता देखावा, असं कोकणातल्या माणसाने तरी म्हणू नये. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबई प्रांताच्या विधानसभेत खोती, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांची जमीनदारी, नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. ते तेव्हा सरकारात नव्हते. अलिबाग तालुक्यात चरी गावच्या कुळांचा संप १९३३ पासून चालू होता. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली लोकांनी खोतांची जमीन कसायचीच नाही असं ठरवलं होतं, आणि घरात दाणा नसतानाही ते मागे हटले नव्हते. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर, म्हणजे तेव्हाच्या विधिमंडळावर गेला. ते विधेयक काही मंजूर झालं नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने, आणि त्याचा अंमल १९५० मध्ये सुरू झाला. मधली बारा वर्षं वाया गेली असं मला वाटत नाही. रानात आणि रस्त्यावर चाललेली मागणी एकदा कलमांच्या रूपात सभागृहाच्या टेबलावर आली की ती "बघू" म्हणून झटकता येत नाही. तुमच्या आमदारांनी खरंच विधेयक मांडलं तर त्यांना जरूर बळ द्या. फक्त पुढच्या हंगामात कायदा लागू होईल असं धरून बसू नका.

प्रत्यक्षात जे कायदे होतात ते जवळजवळ सगळे सरकारी विधेयकांतून. मासेमारीचंच उदाहरण घेतो. मत्स्यव्यवसाय हा राज्याच्या सूचीतला विषय आहे आणि किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याचा कायदा चालतो. त्यापलीकडचं केंद्राकडे. आपला मूळ कायदा १९८१ चा, महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम. त्यातला दंड इतका जुनाट झाला होता की पर्ससीनवाला (माशांच्या थव्याला वेढून खालून आवळायचं मोठं जाळं टाकणारा) किंवा एलईडी दिवे लावून मासे गोळा करणारा तो एका फेरीत भरून काढी. २०२१ मध्ये आधी अध्यादेश आला, मग सुधारणा विधेयक. एलईडी वापरून मासेमारी केल्यास पहिल्यांदा पाच लाख आणि पुढे वीस लाखांपर्यंत दंड झाला. प्रकरणं तहसीलदारांकडे जायची, ती मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्तांकडे आली. अध्यादेश, म्हणजे अधिवेशन चालू नसताना राज्यपालांनी काढलेला कायदा, हा तात्पुरता असतो. सभागृह पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत त्याची जागा कायद्याने घेतली नाही तर तो संपतो.

असं विधेयक आधी खात्यात तयार होतं. विधि व न्याय विभाग त्याचा मसुदा करतो, मंत्रिमंडळ मान्यता देतं आणि मग ते सभागृहात मांडलं जातं. पुढे ते विचारात घ्यायचं का यावर चर्चा होते. त्यानंतर एकेक खंड, म्हणजे विधेयकातलं कलम, मताला टाकतात, सदस्यांनी दिलेल्या दुरुस्त्याही याच वेळी येतात. गॅलरीत बसून बघितलं तर हा भाग फार भरभर जातो. खंडाचा नंबर पुकारला जातो, "होय", "नाही" असे आवाज उठतात, "होयचे बहुमत" म्हणतात आणि पुढचा खंड. गोंधळाच्या दिवशी अख्खं विधेयक काही मिनिटांत पार होतं. हे मला मनापासून खुपतं, कारण आपल्या होडीचा परवाना त्यातल्याच एखाद्या ओळीवर ठरत असतो. विधेयक महत्त्वाचं आणि वादाचं असेल तर ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवता येतं. तिथे पक्षाचा आवेश थोडा उतरतो, अधिकारी आणि जाणकार बोलावता येतात. आमदारांकडे मागायचंच असेल तर हे मागा.

आता परिषद. ती ७८ जणांची आहे. ३० सदस्य आमदार निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांमधून येतात, सात पदवीधरांचे, सात शिक्षकांचे आणि १२ राज्यपाल नेमतात. आपल्या भागातून कोकण पदवीधर, कोकण शिक्षक आणि रायगड-रत्नागिरी-सिंधुदुर्ग स्थानिक संस्था असे मतदारसंघ आहेत. परिषद साधं विधेयक पहिल्या वेळी तीन महिने अडवू शकते. विधानसभेने ते पुन्हा मंजूर केलं तर आणखी एक महिना, नंतर ते परिषदेशिवायही मंजूर धरलं जातं. पैशाच्या विधेयकाला तर फक्त चौदा दिवस. लोकसभा-राज्यसभेसारखी संयुक्त बैठक राज्यात नसते. तरी मी परिषदेला निरुपयोगी म्हणणार नाही. विधानसभेत घाईत राहून गेलेली चूक तिथे पकडता येते.

दोन्हीकडून मंजूर झालं की राज्यपालांची संमती. ते विधेयक परत पाठवू शकतात किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवू शकतात. महिला अत्याचारांविरुद्धचं शक्ती विधेयक संयुक्त समितीतून जाऊन डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, राष्ट्रपतींकडे गेलं आणि राज्यात लागू झालंच नाही. तेव्हा "विधेयक मंजूर" अशी बातमी आली की लगेच फटाके लावू नका, राजपत्रात आलं का ते बघा.

आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग यानंतरचा. विधेयकाच्या छापील प्रतीत शेवटी उद्देश व कारणे यांचे निवेदन असतं. त्याच्यानंतर बहुधा वैधानिक अधिकार सोपवण्याबद्दलचं ज्ञापन येतं. कोणत्या खंडाने सरकारला नियम करण्याचे, अधिसूचना काढण्याचे अधिकार दिले, ते तिथे लिहिलेलं असतं. लोक हे पान वाचत नाहीत. पण कोणत्या जाळ्याला कुठल्या खोलीपर्यंत मज्जाव, परवाने किती, हे आपल्याला रोज भिडणारे प्रश्न बऱ्याचदा कायद्यात नसतात, अधिसूचनेत असतात. पर्ससीनवर २०१६ मध्ये आलेले निर्बंध असेच सरकारी आदेशाने आले, त्यासाठी सभागृहात विधेयक मांडावं लागलं नव्हतं.

त्यामुळे आमदारांना पुढच्या वेळी भेटाल तेव्हा "कायदा कधी आणता" एवढंच विचारू नका. १९८१ चा कायदा आणि २०२१ ची सुधारणा समोर ठेवा, त्यात नेमकं काय कमी पडतंय ते कलमासकट दाखवा. अंमलबजावणीच होत नसेल, गस्तीनौका बंदरातच उभी असेल, तर नव्या कायद्याने फरक पडणार नाही. त्यासाठी तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात) किंवा लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी) द्यायला सांगा. मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावं लागतं आणि ते कामकाजात छापलं जातं. सोसायटीच्या ठरावाची प्रत सोबत द्या, आणि ती अधिवेशन सुरू होण्याच्या बऱ्याच आधी द्या. प्रश्नांची मुदत आधीच संपते, आणि डिसेंबरात नागपूरला धावत गेलात तर तिथे फक्त निवेदनाची पोच हातात पडेल.