उखडलेल्या शिलावर्तुळाचे दगड परत बसवू नका

एका शेताच्या टोकाचं प्राचीन दगडांचं वर्तुळ जेसीबीने उखडलं, सात दगड धुऱ्यावर पडलेत, बाकीचे क्रशरला गेले; राहिलेले सात रविवारी पोरं जमवून जागेवर लावू का, असं तुम्ही विचारलंय. नागपूरच्या आसपास आहात म्हणून लगेच लिहितोय. लावू नका. आम्ही नेमकं तेच केलं आणि सगळ्यात मोठं नुकसान त्यानेच झालं. जेसीबीनेही एवढं झालं नसतं.

कारण असं की दगड गेला तरी त्याचा खळगा राहतो. शेकडो वर्षं दबलेल्या जमिनीत त्याचा ठसा असतो, कडा घट्ट आणि आतली माती वेगळ्या रंगाची, भुसभुशीत. दगड नेमका कुठे होता याचा तोच पुरावा. आपण पहारीने खळगा मोकळा करून दगड उभा केला की तो ठसा संपतो. नंतर जाणकार आले तर मूळ जागी कोणता आणि आपण बसवलेला कोणता, हे त्यांना सांगता येत नाही. शिवाय ही वर्तुळं म्हणजे बहुतेक दफनं. खरा ऐवज मधल्या गोटे-मातीच्या भरावाखाली असतो. नागपूरजवळच्या माहुरझरीला घोड्यांचे सांगाडे आणि तांब्याचे साज अशाच वर्तुळांत मिळाले. म्हणजे दगड हलले तरी जागा अजून जिवंत आहे. मधे खणून बघण्याचा मोह मात्र अजिबात नको.

मग करायचं काय? उत्तर दिशेचा बाण आणि एक मीटरची पट्टी ठेवून प्रत्येक खळग्याचा फोटो घ्या. मोबाईलचं जीपीएस चार-पाच मीटर चुकतं, त्यामुळे विहिरीचा कोपरा आणि विजेचा खांब अशा दोन पक्क्या खुणांपासून टेपने दोन्ही अंतरं लिहा. खोली, लांबी, रुंदीही. मग खळग्यांवर शेडनेट टाकून वर चाळलेली रेती पसरा. काळ्या मातीत रेती उठून दिसते, उद्या उत्खनन झालं तर आपली भर कुठे संपते ते कळतं. पावसाच्या आधी हे उरकाच.

धुऱ्यावरचे सात दगड आहेत तिथेच राहू द्या, चिठ्ठी सुतळीने बांधा. ऑइल पेंटने आकडे टाकू नका, घासून धुऊ नका. दगडफूल ज्या रेषेवर संपतं आणि मातीचा डाग सुरू होतो, त्यावरून दगड किती गाडलेला होता ते कळतं. नागपूरजवळच्याच जुनापाणीच्या दगडांसारखे वाटीच्या आकाराचे कोरलेले छोटे खोलगट ठसे कुणावर आहेत का ते सकाळच्या तिरप्या उन्हात बघा. ते खडूने भरू नका.

आता कार्यालयांचं. ज्या कार्यालयाकडे आम्ही गेलो (नाव लिहीत नाही) तिथे "आमच्या यादीत नाही" एवढंच उत्तर मिळालं. दुसऱ्याने पहिल्याकडे पाठवलं आणि तेवढ्या वेळात तिथला उरलेला मुरूम गाड्यांत भरून नेला गेला. आमचीही चूक होती: अर्जात गट क्रमांक नव्हता आणि आवक क्रमांक घेतला नाही. तुम्ही एकाच दिवशी पुरातत्त्व विभाग आणि तहसीलदार दोघांना द्या, पोच घ्या. केंद्राचं संरक्षित स्थळ असेल तर प्राचीन स्मारकांच्या 1958 च्या कायद्यात 2010 च्या दुरुस्तीनंतर 100 मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र येतं. यादीत नसेल तरी वाट बंद होत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 48(7) खाली विनापरवाना गौण खनिज (दगड, मुरूम, वाळू) उचलल्यास बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. दगड नेणाऱ्या हायवा डंपरकडे रॉयल्टी पास (खनिज वाहतुकीचा परवाना) होता का, तेवढंच तहसीलदारांना विचारा. माझ्या मते हाच मार्ग लवकर हलतो. मी वकील नाही, कलमं एकदा तपासून घ्या.

शिवारात मडकी किंवा लोखंडी कुऱ्हाड वर आली असेल तर घरी नेऊ नका, जमिनीत सापडलेल्या ऐवजाबद्दलच्या 1878 च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

आणि शेताच्या मालकावर चिडू नका. त्याला जमीन जाईल अशी भीती असते, खरं तर संरक्षित झाली म्हणून मालकी आपोआप जात नाही. हे त्याला आधी सांगा, मगच फोटो काढायची परवानगी मागा. गुगल अर्थवर मागच्या उन्हाळ्यातली चित्रं आजच साठवून ठेवा, मार्च ते मे पीक नसताना वर्तुळ सगळ्यात स्वच्छ दिसतं.