एमडी ॲनाटॉमी (शरीररचनाशास्त्र) घेऊन मेंदूवर रिसर्च करता येतो का, की फक्त शिकवतच बसावं लागतं?

येतो, पण कुठला रिसर्च ते आधी ठरवा. तुम्ही लिहिलंय ॲनाटॉमीची सीट मिळतेय, मेंदूवर काम करायचंय आणि घरचे म्हणतायत जन्मभर पोरांना हाडंच शिकवत बसशील. मी इथे बडोद्यात तेच करतो, म्हणजे घरचे अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत. सकाळी लेक्चर, मग डिसेक्शन हॉल, परीक्षा आली की स्पॉटर (ओळखायला ठेवलेले नमुने) लावा, व्हायवा म्हणजे तोंडी परीक्षा घ्या. त्यात न्यूरोॲनाटॉमी, म्हणजे मेंदू-मज्जासंस्थेची रचना, बऱ्याच ठिकाणी वर्षाच्या शेवटाला येते, पोरं तोवर दमलेली असतात आणि ब्रेनस्टेमचे (मेंदूच्या देठाचे) सेक्शन नुसते घोकून येतात.

डोक्यात जीन्स, रेणू, जिवंत न्यूरॉनचं रेकॉर्डिंग असं काही असेल तर सरळ मेंदू संशोधनाच्या संस्था, मानेसरचं एनबीआरसी नाहीतर बेंगळुरूचं निम्हान्स बघा, निम्हान्सला ब्रेन बँकही (संशोधनासाठी मेंदू जपून ठेवणारी) आहे. आमच्याकडचे मेंदू महिनोन्महिने फॉर्मलीनमध्ये (नमुने टिकवायचं रसायन) पडलेले असतात, त्यातून आरएनए धड निघत नाही, उगाच हट्ट करू नका.

पण रचनेत रस असेल तर मजा इथेच आहे. ताजा मेंदू इतका मऊ असतो की बादलीत नुसता ठेवला तर तळाला टेकून चपटा होतो, म्हणून बेसिलर आर्टरी या मेंदूच्या तळाच्या रक्तवाहिनीखालून दोरा ओवून फॉर्मलीनमध्ये उलटा टांगायचा, दोन-तीन आठवड्यांत कापण्याइतका घट्ट होतो. पुढे क्लिंगलरची पद्धत, बासेलच्या योसेफ क्लिंगलरने १९३५ च्या सुमारास मांडलेली: तोच मेंदू धुऊन आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवायचा, बर्फ होताना मेंदूतले चेतातंतू एकमेकांपासून सुटे होतात, मग बर्फ वितळला की लाकडी पट्टीने वरचा कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) खरवडत जायचं, घाई केली की तंतू तुटलाच म्हणून समजा. नीट जमलं तर आर्क्युएट फॅसिक्युलस हा तंतूंचा जुडगा फ्रंटल लोबकडून (मेंदूच्या पुढच्या भागाकडून) मागे जाऊन वळसा घेत टेम्पोरलमध्ये (कानाजवळच्या भागात) उतरताना चक्क डोळ्यांनी दिसतो. एमआरआयवरचे ते रंगीत ट्रॅक्ट (तंतूंचे मार्ग) शेवटी पाण्याच्या हालचालीवरून गणिताने काढलेला अंदाज असतो, म्हणून न्यूरोसर्जन अजूनही हे डिसेक्शन शिकायला येतात. खर्च म्हणाल तर बादली, फ्रीझर आणि भरपूर पेशन्स. शिवाय तोच नमुना दुसऱ्या दिवशी पोरांना दाखवता येतो, शिकवणं आणि रिसर्च वेगळं राहत नाही.

सीट घेण्याआधी त्या डिपार्टमेंटच्या रेसिडेंटला गाठा. देहदान किती येतं, मेंदू वेगळा काढून ठेवतात का, न्यूरोसर्जरी किंवा रेडिओलॉजीचा को-गाईड (थीसिसचा दुसरा मार्गदर्शक) मिळतो का, हे विचारा. थीसिसचा विषय लवकर द्यावा लागतो आणि गडबडीत बरेच जण कवटी घेऊन फोरामेन मॅग्नमची (कवटीच्या तळाच्या मोठ्या भोकाची) लांबी-रुंदी मोजत बसतात, त्यावर एवढे पेपर झालेत की आणखी एक नसला तरी चालेल. बाकी पेशंट, ओपीडी हवी असेल तर हे खातं तुमचं नाही.