गाडीचा दवाखाना : हीटरमधून गुळगुळ आवाज येतोय

प्रश्न : मी निफाडहून कांदा भरून जम्मू-श्रीनगर लाइनला जातो. थंडीत उधमपूर सोडलं की हीटर लावावाच लागतो. यंदा हीटर लावला की डॅशबोर्डच्या आतून गुळगुळ गुळगुळ पाणी फिरल्यासारखा आवाज येतो आणि रेस दिली तर गरम हवा येते पण गाडी न्यूट्रलला उभी केली की तीच हवा गार. मिस्त्री म्हणतो ब्लोअर बदला. बदलू का?
एक वाचक, निफाड

उत्तर : दादा, ब्लोअरला आत्ता हात लावू नका. आधी ब्लोअर पूर्ण बंद करा, इंजिन चालू ठेवून थोडी रेस द्या आणि कान देऊन ऐका. तरीही गुळगुळ येतेय ना? मग तो पंख्याचा आवाज नाहीच, पाण्याचा आहे. तुमच्या हीटरची गरमी इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटमधूनच येते, डॅशबोर्डच्या आत एक छोटा रेडिएटर असतो त्यातून गरम कूलंट फिरतं आणि ब्लोअर त्यावरून हवा मारतो. कूलंट कमी झालं की त्यात हवा शिरते, ती ह्या छोट्या रेडिएटरमध्ये अडकते, म्हणून गुळगुळ. आणि न्यूट्रलला पंपाचा जोर कमी, कूलंट तिथपर्यंत नीट पोचत नाही म्हणून हवा गार, रेस दिली की पोचतं म्हणून गरम. तुम्ही हे बरोबर टिपलंत, त्यामुळे निदान सोपं झालं.

आता करायचं काय. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना कूलंटच्या टाकीतली लेव्हल बघा. इंजिन गरम असताना ह्या टाकीचं झाकण कधीही उघडू नका, आत प्रेशर असतं, उकळतं पाणी सरळ तोंडावर येतं. लेव्हल कमी असेल तर कूलंट भरा, मग झाकण उघडंच ठेवून हीटरचा नॉब फुल गरमवर करा आणि इंजिन आयडलिंगला चालू ठेवा, बुडबुडे येऊन हवा निघत जाईल, लेव्हल उतरेल तशी भरत रहा आणि कूलंट वर चढायला लागायच्या आत झाकण लावून टाका. गाडीचं तोंड चढाकडे करून उभी केली तर हवा लवकर निघते, काही गाड्यांना हवा काढायला वेगळा स्क्रू पण असतो.

पण खरा प्रश्न पुढे आहे, कूलंट गेलं कुठं? होज पाईपच्या क्लिपा, पाण्याच्या पंपाखालची जागा, रेडिएटरचं झाकण, सगळीकडे हात फिरवून बघा, गळतीच्या जागी वाळलेला पांढरा किंवा रंगीत थर दिसतो. केबिनमध्ये गोडसर वास येत असेल, काचेवर आतून तेलकट वाफ धरत असेल, पायाखालची मॅट ओली असेल तर आतला रेडिएटरच गळतोय. आणि बाहेर कुठंच गळती नाही तरी लेव्हल उतरतेय, टाकीत सारखे बुडबुडे, सायलेन्सरमधून पांढरा धूर, तर हेडगॅस्केट, म्हणजे इंजिनच्या हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग, गेल्याचा दाट संशय. अशी गाडी लोड भरून घाटात नेऊ नका, इंजिन बसेल.

अजून एक, ढाब्यावरचं साधं पाणी ओतून चालवणारे आपल्याकडे खूप आहेत. नाशकात ते खपून जातं, काश्मीरला नाही. पाणी शून्य अंशाला गोठतं आणि गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, रात्रीत रेडिएटर किंवा ब्लॉक फुटतो. निम्मं कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) कूलंट निम्मं डिस्टिल्ड वॉटर ठेवलंत तर उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत काळजी नाही. कूलंट मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच घ्या, नुसता रंग बघून मिसळू नका. जुनं कूलंट रस्त्याकडेला सोडू नका, ते गोड लागतं म्हणून कुत्री, गुरं पितात आणि मरतात.

आणि दादा, हीटरसाठी इंजिन चालू ठेवून बंद केबिनमध्ये झोपत असाल तर कृपा करून थांबवा, शेगडी तर नकोच नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईड गॅसला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. जाड रजई ठेवा.

प्रश्न : नवीन एसी केबिनची गाडी घेतली. चावी फिरवली की डॅशबोर्डमागे टकटकटक होतं, थोड्या वेळानं थांबतं. हीटर-एसीचा नॉब फिरवला की परत. काय असेल?
एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : गरम-गार हवा वळवायला आत एक झडप असते, ती फिरवणाऱ्या छोट्या मोटरचा प्लास्टिकचा गिअर झिजला किंवा दात तुटला की तो घसरून असाच टकटकतो. गाडी काही अडून बसणार नाही, पण एका बाजूला गरम आणि दुसरीकडे गार अशी हवा यायला लागेल. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झालीय, त्यामुळे ही तक्रार आता जास्त येणार. तुमची गाडी वॉरंटीत असेल, बाहेर डॅशबोर्ड खोलू नका, आवाजाचा व्हिडिओ काढा आणि सर्व्हिस सेंटरला दाखवा. फक्त त्याआधी ग्लोव्हबॉक्समागचा केबिन फिल्टर काढून बघा, पण आवाज ब्लोअरच्या स्पीडबरोबर कमी-जास्त होत असेल तरच, कारण मग पंख्यात पाला किंवा उंदरानं आणलेला कापूस अडकलेला असतो आणि तो हातानं निघतो.