बाईकचा पुढचा आतला ब्रेक पॅड पार संपला, बाहेरचा अर्धा शिल्लक. गॅरेजवाला म्हणतो कॅलिपर बदला. खरंच बदलावा लागेल का?

थांबा, कॅलिपरची (डिस्कवर पॅड दाबणारा तो भाग) ऑर्डर देऊ नका अजून. तुम्ही लिहिलंय १५० सीसीची गाडी, चार वर्षं झाली, आतला पॅड पत्र्याला टेकायला आलाय, बाहेरचा निम्मा आहे आणि लिव्हर अजून बरा लागतोय. माझं अगदी सेम झालं होतं, फरक इतकाच की मी एका वर्षात दोनदा नवे पॅड टाकून बसलो आणि मग अक्कल आली. मेकॅनिक नाहीये मी, चिपळूणला राहतो, गाडी रोज चालवतो आणि आता हे काम घरीच करतो.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा, की पॅड डुप्लिकेट लागले असतील. पॅड डुप्लिकेट असते तर दोन्ही लवकर संपले असते ना, एकाच पाकिटातले दोन पॅड, एक संपतो आणि एक राहतो म्हणजे दोघांवर दाब सारखा पडत नाहीये.

तुमच्या गाडीला बहुतेक फ्लोटिंग कॅलिपर असणार, आपल्याकडच्या १२५ ते २०० सीसीच्या बहुतेक गाड्यांना तोच असतो. त्यात पिस्टन एकाच बाजूला असतो. लिव्हर दाबला की पिस्टन आपल्या बाजूच्या पॅडला डिस्कवर दाबतो, आणि त्याच्या उलट्या जोराने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो आणि दुसऱ्या पॅडला ओढून डिस्कवर आणतो. म्हणजे त्या दुसऱ्या पॅडला ढकलणारं स्वतःचं असं काहीच नाही, तो पूर्णपणे त्या पिनांच्या भरवशावर. पिनांवरचं ग्रीस वाळलं किंवा रबरी बूट (पिनांवरची रबरी टोपणं) फाटून आत पाणी गेलं की पिना गंजतात, कॅलिपर नीट सरकत नाही आणि दोनपैकी एकच पॅड जास्त झिजतो. थोडासा फरक, अर्धा मिलिमीटर वगैरे, चांगल्या गाडीतही असतो, त्याला घाबरू नका. तुमचा फरक त्यातला नाही.

आमच्याकडे कोकणात हे जास्त होतं असं माझं मत, चार महिने पाऊस, रस्त्यावर लाल चिखल, आणि गाडी आठ-दहा दिवस पागोळीखाली उभी. माझी गोष्ट सांगतो. कराडहून येत होतो, कुंभार्ली घाट उतरताना अर्ध्यातच जळल्यासारखा वास यायला लागला, मला वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. खाली पोफळीच्या जवळ आलो तर लिव्हर स्पंजासारखा, जवळजवळ ग्रिपला टेकतोय. गाडी कडेला घेतली, डिस्कवर थोडं पाणी शिंपडलं तर चर्रर्र आवाज (हे करू नका, तापलेली डिस्क वाकडी होऊ शकते, तेव्हा माहीत नव्हतं). झालं असं होतं की पॅड डिस्क सोडतच नव्हता, घासून घासून तापला, आणि ब्रेक ऑइल इतकं जुनं की त्यात पाणी मुरलेलं. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ऑइल कोरं असताना निदान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलं की ती हद्द १५५ पर्यंत खाली येते, मग ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे आणि लिव्हर पोकळ. अर्धा तास बसून राहिलो तेव्हा कुठे ब्रेक परत आला. त्याआधी ज्यांनी दोनदा पॅड बदलले त्यांनी एकदाही पिना बाहेर काढल्या नव्हत्या, वर पॅड जागेवर धरणारी आतली स्प्रिंगची पत्तीही कुठेतरी टाकून दिलेली.

आता तुम्ही बघायचं काय. गाडी मेन स्टँडवर घ्या, कोणाला तरी मागून दाबून धरायला सांगा म्हणजे पुढचं चाक उचलेल. कॅलिपर हातात धरून आत-बाहेर हलवा, चाक न फिरवता. थोडा जोर लावल्यावर गुळगुळीत सरकला पाहिजे. अजिबात हलत नसेल किंवा अडकत अडकत हलत असेल तर पिनाच. मग चाक फिरवा, ब्रेक दाबा, सोडा, परत फिरवा. कॅलिपर हाताने छान सरकतोय आणि तरीही ब्रेक सोडल्यावर चाक जाम राहतंय, तर मग पिस्टन मागे येत नाहीये. पिस्टनला मागे ओढायला स्प्रिंग नसते, त्याच्याभोवतीचं चौकोनी रबरी सील दाबताना जरासं मुरडतं आणि सोडल्यावर सरळ होतं, तेवढंच केसभर तो मागे येतो. बाहेर राहिलेल्या भागावर मळ किंवा गंज बसला की तेवढंही जमत नाही.

पॅड काढल्यावर त्याच्याकडे आडवं धरूनही बघा. एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ असेल तर दोनपैकी एकच पिन अडकलीय, किंवा दोन पिस्टनचा कॅलिपर असेल तर एक पिस्टन झोपलाय, किंवा ती पत्ती नाहीये. आणि मध्ये कधी पंक्चरसाठी पुढचं चाक काढलं होतं का? चाकाच्या एक्सलवरचा बुश (नळीसारखा तुकडा) उलटसुलट बसला की डिस्क मधोमध राहत नाही, हा प्रकार मी एका मित्राच्या गाडीला बघितलाय.

पिना साफ करायचं काम तासाभराचं. कॅलिपरचे बोल्ट काढा, पॅड काढा, कॅलिपर ब्रॅकेटपासून (पिना ज्यात सरकतात तो भाग) वेगळा ओढा. ब्रेकच्या पाइपवर लटकत ठेवू नका, सुतळीने फोर्कला बांधा. कॅलिपर बाहेर असताना कोणी लिव्हर दाबायचा नाही, पिस्टन टपकन बाहेर येईल, घरात लहान पोरं असतील तर आधी त्यांना लांब पाठवा. कुठली पिन कुठल्या भोकातली ते लक्षात ठेवा, बऱ्याच गाड्यांत दोन्ही वेगळ्या असतात. जुनं ग्रीस पुसा, हलका गंज बारीक पॉलिश पेपरने काढा, पण पिनेला खड्डे पडले असतील तर घासत बसू नका, पिन आणि बूट नवे घ्या, कॅलिपरच्या मानाने किरकोळ खर्च आहे. ग्रीस मात्र सिलिकॉनचंच, चेनचं किंवा बेअरिंगचं साधं ग्रीस नको, त्याने ते रबर फुगतं आणि महिन्याभरात पिन परत जाम. पिस्टन जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासा, पुसा, आणि स्वच्छ झाल्यावरच आत ढकला. ढकलताना हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या टाकीतलं ऑइल वर येतं, झाकण उघडून चिंधी गुंडाळा, पेट्रोलच्या टाकीवर सांडलं तर रंग गेलाच म्हणून समजा.

नवे पॅड जोडीनेच टाका, बाहेरचा अर्धा आहे म्हणून तो ठेवायचा मोह होतो. डिस्कवर कुठेतरी कमीत कमी जाडी कोरलेली असते, ती बघून मोजा. ऑइल दोन वर्षांत बदललं नसेल तर आत्ताच बदला, आणि गाडी एबीएसवाली (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल (१ एप्रिल २०१९ नंतरची १२५ सीसीच्या वरची असेल तर असणारच) तर ते काम माहितगाराकडून करून घ्या, हवा राहिली तर निघता निघत नाही. सगळं जोडल्यावर गाडी हलवायच्या आधी लिव्हर कडक होईपर्यंत दाबत राहा, पहिल्यांदा तो पूर्ण आत जाईल, दचकू नका. पहिले दोनेकशे किलोमीटर जोरात ब्रेक मारायचं टाळा, पॅड बसू द्या.

कॅलिपर बदलायची वेळ येते ती पिस्टनच्या घराला आतून गंजाचे खड्डे पडले तर, किंवा पिनेचं भोकच झिजून ढिलं झालं असेल तर. गॅरेजवाल्याला सांगा की मला ते काढून दाखव. उघडलं की पिना कशा दिसतायत ते इथे लिहा, नुसतं ग्रीस वाळलंय का खड्डे पडलेत, मग पुढचं सांगतो.