काठी, की कोळशाचा विस्तव?

प्रश्न : आमच्या चर्चच्या युवक संघाच्या खजिनदाराने सहलीच्या वर्गणीतले १,८०० रुपये स्वतःसाठी वापरले. नवे पाळकसाहेब सभेत त्याला चकार शब्द बोलले नाहीत. उलट संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन चहा पिऊन आले. पुढारी इतका मवाळ असून कसं चालेल? बायबलमधल्या पत्रात प्रेषित पौलानेही करिंथच्या मंडळीला ‘काठी घेऊन येऊ काय?’ असं विचारलंच होतं ना? – एक युवक, सदर, नागपूर

उत्तर : काठीची आठवण बरी काढलीत, पण वाक्य अर्ध्यावर सोडलंत. ‘की प्रीतीने व सौम्य वृत्तीने येऊ?’ हेही पौल त्याच दमात विचारतो (१ करिंथ ४:२१).

काठी मी वापरून पाहिली आहे. ३२ वर्षांचा होतो, पाळक म्हणून पहिलीच मंडळी. उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे), बारा ते तीन, येशूच्या वधस्तंभावरल्या सात उद्गारांची उपासना. एप्रिलचं नागपूर, पंखे नुसती गरम हवा फेकत होते. पेटी वाजवणारे भाऊ चौथ्या उद्गाराला आले, तेही दारूचा वास घेऊन. मी व्यासपीठावरूनच त्यांना झापलं. त्यांनी पेटीचं झाकण हळूच लावलं आणि निघून गेले. महिन्यापूर्वीच त्यांची बायको वारली होती. दफनविधी मीच केला होता, म्हणजे माहीत नव्हतं असंही म्हणायची सोय नाही. उपासना संपल्यावर एक म्हातारी मावशी म्हणाली, “साहेब, बोलले ते खरंच बोलले. पण साऱ्यांसमोर काऊन बोलले?”

प्रभू येशूचा शिष्य पेत्र, त्याचं पाहा. प्रभूला पकडलं त्या रात्री त्याने ‘मी त्याचा शिष्य नाही’ म्हणत प्रभूला तीनदा नाकारलं, ते कोळशाच्या विस्तवाशी शेकत असताना. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्रकाठी प्रभूनेही कोळशाचाच विस्तव पेटवला, त्यावर मासळी ठेवली आणि म्हणाला, या, न्याहारी करा. पोटात अन्न गेल्यावर मग प्रश्न, तोही तीनदा : माझ्यावर प्रीती करतोस काय? पेत्र दुःखी झाला, असं योहान शुभवर्तमानात लिहितो. म्हणजे प्रश्न टळला नाही, बोचलाही. आधी वाढलं, मग विचारलं, एवढंच.

म्हणून तुमच्या पाळकांनी चहा प्यायला हे ठीकच. चहानंतर पैशांचा विषय काढला का, हे मात्र त्यांनाच एकदा विचारा. काढला नसेल तर ती सौम्यता नव्हे, भिडस्तपणा. आणि भिडस्त पाळक मंडळीला कडक पाळकाइतकाच महाग पडतो. पैसे मंडळीचे आहेत, तेव्हा हिशेबाची वही पंचांसमोर यायलाच हवी. मुलाला मात्र सर्वांसमोर उभं करू नका.

सौम्य माणसाच्या हातून कामं होत नाहीत, हेही मला पटत नाही. आपल्या नागपुरातच २९ नोव्हेंबर १९७० रोजी वेगवेगळ्या पंथांच्या सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. बोलणी १९२९ पासून चाललेली! बालबाप्तिस्मा (तान्ह्या बाळाला पाण्याने दीक्षा देणं) मानणारे आणि न मानणारे एका छपराखाली आले. दोन्ही रीती ठेवल्या, कुणाला आपली सोडायला लावली नाही. ४१ वर्षं दम धरणाऱ्यांना मवाळ कोण म्हणेल?

पेटीवाल्या भाऊंची मी आठवड्याने घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी पाणी दिलं, “जाऊ द्या साहेब” म्हणाले. पुढे उपासनेला येत राहिले, शेवटच्या बाकावर. पेटीला मात्र हात लावला नाही.