वुशू बघताना नजर कुठे ठेवावी?

प्रश्न : नातीबरोबर मोबाइलवर वुशूच्या, म्हणजे चिनी युद्धकलेच्या, जागतिक स्पर्धा बघते. कधी एकटी मुलगी तलवार फिरवते, कधी चक्क मारामारी! गुण कशाला मिळतात?
– एक आजी, कोथरूड

उत्तर : आजी, हे दोन वेगळे प्रकार. एकटीने करायची ती ताओलू, लढत ती सांदा.

ताओलूत १० पैकी ५ गुण हालचालींच्या अचूकतेला, ३ एकूण सादरीकरणाला, २ अवघड उड्यांना. म्हणून उडी कितीही उंच असो, तुम्ही उतरणारं पाऊल बघा. ते सरकलं किंवा हात टेकला की गुण कापले. मला स्वतःला सगळ्यांत जास्त ताइजीछुआन (ताई ची) हा ताओलूतला संथ प्रकार आवडतो. त्या संथ हालचालीत डळमळलेला तोल झाकायला जागाच नसते.

सांदात दोन-दोन मिनिटांच्या फेऱ्या. दोन जिंकल्या की सामना खिशात. मंच ८० सेंटिमीटर उंच असतो आणि एका फेरीत दोनदा खाली पडलं की ती फेरी गेली. आलेली लाथ पकडून समोरच्याला आडवं करतात ना, तो क्षण अजिबात चुकवू नका.

नातीला मणिपूरच्या रोशिबिना देवीच्या लढती जरूर दाखवा. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कांस्य, पुढच्या, चीनमधल्या हांगझौच्या आशियाई स्पर्धेत ६० किलो गटात रौप्य. काय जिद्दीची मुलगी आहे!

आणि हो, स्पर्धा चीनमध्ये असेल तर तिथलं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. तिथे सकाळी नऊला सुरू होणारी फेरी पुण्यात साडेसहाला लागते, तेव्हा चहा आधीच ठेवा.