घरच्या जुन्या कॅसेट वाजवण्याआधी

कॉम्प्युटरवर उतरवायला कपाटातून काढलेली कॅसेट लगेच प्लेअरमध्ये घालू नका. आधी टेप उजेडात बघा. कडेला पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट बाजूला ठेवा, नाहीतर प्लेअरच्या हेडवरून, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावरून, बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. टेपमागची फेल्टची बारीक गादी निखळली असेल तर आवाज दबका येतो. कॅसेटच्या मागच्या कडेचे प्लास्टिकचे दोन्ही छोटे कान तोडून टाका, म्हणजे चुकूनही वर रेकॉर्डिंग होणार नाही. मग हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि टेप एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवा. चिकटलेले वेढे मोकळे होतात.

प्लेअरची वायर कॉम्प्युटरच्या लाइन-इनला जोडा, माइकच्या भोकात नको. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सॅम्पल रेट ४४.१ किलोहर्ट्झ ठेवा, आवाजाची पातळी उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही. मूळ प्रत वेव्ह (WAV) फाइलमध्येच जपा.

दोन गाण्यांमधलं बोलणं मात्र अजिबात कापू नका. आजीची हाक, कुकरची शिट्टी, खरा ऐवज तोच. ऐकताना घरातल्या मोठ्यांना शेजारी बसवा; कुणाचं लग्न, कुठलं घर, ते सांगतील तसं लगेच लिहून घ्या. कव्हरवरच्या हस्ताक्षराचाही फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा.